चाकोरी: सोनगीरच्या खडबडीत वाटांवर आधी कोण गेलं?

आजचा भाग एका शब्दापासून सुरू करूया. चाकोरी.

आपण हा शब्द कसा वापरतो? "चाकोरीबाहेरचं करिअर", "चाकोरीतलं आयुष्य". पण मूळ अर्थ अगदी साधा आहे. लोखंडी धाव चढवलेली बैलगाडीची चाकं एकाच वाटेवरून वर्षानुवर्षं जात राहिली, की मातीत दोन समांतर खाचा पडतात. कधी कधी तर खडकातसुद्धा पडतात. ती चाकोरी. चाक एकदा त्यात बसलं की बैल आपसूक चालतात, गाडीवानाला डुलकी काढता येते. आणि चाकोरी सोडून गाडी बाहेर काढली तर? दगड लागेल, आख मोडेल, गाडी कलंडेल.

म्हणजे बघा, ज्याला आज आपण रीलमध्ये "ऑफ-रोडिंग" म्हणतो, त्यासाठी आपल्या भाषेत शब्द आधीपासून तयार आहे. चाकोरीबाहेर!

आज फोर बाय फोर गाडी घेऊन डोंगरात, नदीपात्रात, घळीत उतरायचं वेड आपल्याकडेही आलंय. धुळे-जळगावकडची पोरं लळिंगच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याला गाड्या काढतात. व्हिडिओत ड्रोन वर जातो, खाली धुळीचा लोट उडतो, मागे दणदणीत म्युझिक. बघायला मस्त वाटतं, खोटं कशाला बोला. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट हमखास ऐकू येते: "इथं कुणीच आलेलं नाही!"

आजचा आपला मुद्दा हाच आहे. खानदेशात "कुणीच न आलेली" वाट जवळपास नाहीच. इथल्या प्रत्येक खडबडीत वाटेवर आधी कुणीतरी ओझं वाहिलंय, पहारा दिलाय, लढाई केलीय. आणि पुष्कळ ठिकाणी ती वाट आजही कुणाचीतरी रोजची आहे. चला तर, सोनगीरपासून निघूया.

आधी जमीन समजून घेऊ

धुळ्याहून इंदूरच्या दिशेने निघालात की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. रस्त्याला आजही सगळे आग्रा रोडच म्हणतात. सरकारी भाषेत आता तो राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे, माझ्या-तुमच्या वडिलांच्या पिढीसाठी तो एनएच थ्री होता.

इथे राजस्थानसारखं वाळवंट नाही. पण एप्रिल-मेमध्ये या, पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, नाले कोरडे, टेकड्या उघड्या, बाभळी-बोरी सोडल्या तर सावली नाही. सह्याद्रीने पावसाळी ढग पश्चिमेलाच रिकामे केलेले असतात, त्यामुळे हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला.

या पट्ट्यात एक भारी गोष्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांत लाव्हा भरून गोठला. नंतर आजूबाजूचा मऊ खडक झिजत गेला आणि भेगेतला कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. भूगर्भशास्त्रात याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून जास्त डाइक अभ्यासकांनी मोजल्यात, आणि त्यातली सर्वांत लांब जवळपास ७९ किलोमीटरची आहे. कुणी राजाने बांधलेली तटबंदी वाटावी अशी ही काळी रांग शेतांमधून सरळ जाताना दिसते.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. या भिंती साधारण पूर्व-पश्चिम आहेत. आणि उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत येणारी वाट उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे वाटेला भिंती ओलांडाव्याच लागतात. जिथे भिंत तुटलीय, तिथूनच गाडी जाणार. आणि जिथून गाडी जाणार, तिथेच पहारेकरी बसणार.

सोनगीरच्या उत्तरेला गेलं की दुसरा अडथळा. तापी. तापीच्या खोऱ्यात नदीने आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे. पावसाचं पाणी या मऊ मातीला कापत नदीकडे धावतं आणि काठाला खोल घळी पडतात. छोटी कॅन्यनच म्हणा ना! फक्त दगडाऐवजी मातीची. काठ उंच, उतार तीव्र. पूल नव्हते तेव्हा भरलेली बैलगाडी या काठावरून पात्रात उतरवणं आणि पलीकडे चढवणं हे दिवसाचं सगळ्यात अवघड काम असायचं.

आणि तिसरी गोष्ट, आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. एक जोरदार पाऊस झाला की तीच माती फुगते, चिकट होते, चाकाला लोळागोळा होऊन बसते. म्हणून शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात बैलजोडी घालत नाही. हा वाफसा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बुटका किल्ला का बांधला?

सोनगीरचा किल्ला पाहिलाय का? साल्हेर-मुल्हेर पाहिलेल्या माणसाला तो किल्लाच वाटत नाही. गावाला लागून एक लहानशी टेकडी, वर तटाचे अवशेष, एक खोल विहीर. मग इतक्या बुटक्या टेकडीवर किल्ला बांधण्याचा खटाटोप कशासाठी?

वर चढून उत्तर-दक्षिण नजर टाकली की उत्तर मिळतं. अख्खा आग्रा रोड खाली दिसतो. साल्हेरसारखा किल्ला अडचणीच्या वेळी लपायला, तग धरायला असतो. सोनगीरसारखा किल्ला रस्ता मोजायला असतो. कोण आलं, किती बैल, किती स्वार, कर भरला का?

आणि या रस्त्यावर आलं कोण नाही ते विचारा. १३७० मध्ये मलिक राजाला फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेरचा मुलूख मिळाला आणि खानदेशात फारुकी घराण्याचं राज्य उभं राहिलं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि मुघल आले. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा आडवा व्यापारी मार्गही खानदेशातूनच जायचा. तावर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत या बाजूने गेला. पुढे निजाम, मग मराठे. सोनगीरच्या टेकडीने हे सगळे मालक पाहिले.

माल कसा जायचा? पुष्कळसा माल चाकांवर जातच नव्हता. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून निघायचे. कारण चाकाला सलग वाट लागते आणि बैलाच्या खुराला लागत नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर खानदेशातलं पहिलं ऑफ-रोड वाहन म्हणजे लादलेला बैल. चारही पायांना आपापली ताकद!

१८१८ उजाडलं. आदल्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला होता, जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला. सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून तापीकाठी थाळनेरला आली. २७ फेब्रुवारी १८१८. किल्लेदार तुळशीरामाला फाशी दिलं गेलं आणि आतली जवळपास सगळी शिबंदी, सुमारे तीनशे माणसं, कापली गेली. या प्रकारावर तेव्हा खुद्द इंग्रजांच्यातही टीका झाली. सोनगीरपासून हे ठिकाण फार लांब नाही. तापीच्या घळीत गाडी उतरवताना हेही माहीत असलेलं बरं.

वाट ज्याला माहीत, खजिना त्याच्या हातात

इंग्रज आले आणि त्यांना पहिली अडचण कोणती आली? रस्त्यांचीच. सातपुड्याचे आणि अजिंठ्याच्या रांगेचे घाट भिल्ल नाईकांच्या ताब्यात होते. वाटसरूंकडून हक्क घ्यायचे आणि वाट राखायची, ही त्यांची पिढीजात व्यवस्था. कॅप्टन जॉन ब्रिग्सने १८१९ मध्ये धुळे हे जिल्ह्याचं ठाणं म्हणून निवडलं, कारण ते आग्रा आणि सुरत या दोन्ही वाटांवर सोयीचं होतं. पण डोंगर काही हातात येईनात. १८२५ मध्ये जेम्स औट्रमला भिल्ल पलटण उभारायला पाठवलं. चाळीसगाव-कन्नडच्या घाटाला औट्रम घाट म्हणतात, तो याच औट्रमच्या नावाने. हिशोब सरळ होता: ज्यांना वाटा माहीत आहेत त्यांनाच पगारावर घ्यायचं.

हा हिशोब एका माणसाने उलटवला. खाज्या नाईक. इंग्रजांच्याच नोकरीत तो सेंधव्याच्या घाटाचा राखणदार होता. घाटातलं प्रत्येक वळण त्याला पाठ. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईकडे निघालेला सरकारी खजिना याच आग्रा रोडवर लुटला गेला. रक्कम होती सुमारे सात लाख रुपये, त्या काळातले! पुढे एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्लांचं फार नुकसान झालं, बायकांनाही कैद झाली.

आता ८६ वर्षं पुढे या. १४ एप्रिल १९४४. सोनगीरहून दोंडाईच्याकडे जो रस्ता फुटतो, त्यावर चिमठाणे आहे. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना मोटारीतून चालला होता. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड आणि त्यांचे साथीदार, सोबत खानदेशातले कार्यकर्ते, यांनी चिमठाण्याजवळ ती मोटार अडवली आणि खजिना ताब्यात घेतला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास. स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. खजिना सरकारचा, बंदुका सरकारच्या, रस्ता बांधणारंही सरकारच. पण वाट कुठे अरुंद होते, कुठे वेग कमी करावा लागतो आणि नंतर कुठल्या नाल्याने निसटता येतं, हे माहीत कुणाला? तिथल्या माणसाला. खडबडीत वाट ही परक्यासाठी अडथळा असते आणि घरच्या माणसासाठी ढाल.

जीप: लढाईतून थेट आपल्या फाट्यावर

आता इंजिनाकडे येऊ, कारण अर्धे लोक त्याचीच वाट बघत असतील.

१९४० चा उन्हाळा. युरोपात जर्मन रणगाडे सुसाट. अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती, तीही लगेच. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत नमुना हजर केला. पण बँटमची ताकद कमी पडणार म्हणून मोठी कामं विलीज आणि फोर्डकडे गेली, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या.

या गाडीत वेगळं काय होतं? साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. त्यातही डिफरन्शियल नावाचा भाग असा, की जे चाक हलकं फिरतंय त्यालाच फिरवत बसतो. म्हणून एक चाक चिखलात गेलं की ते गरगर फिरतं आणि दुसरं गप्प. फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस ही ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही आखांना वाटतो. शिवाय लो गिअर असतो. वेग कमी, पण ओढ जबरदस्त. चढावर क्लच न जाळता माणसाच्या चालीने गाडी वर जाते. ऐंशी वर्षं झाली, गाड्यांत स्क्रीन आल्या, एअरबॅग आल्या, पण मूळ युक्ती तीच आहे.

भारतात ही जीप कुणी आणली? १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीपा तयार व्हायला लागल्या. आता गंमत ऐका. आज जी थार तुम्ही सोनगीरच्या टोलवरून जाताना बघता, ती नाशिकच्या कारखान्यातली. म्हणजे उत्तरेतल्या शोरूमला निघालेली नवी कोरी गाडी पहिला मोठा प्रवास करते तो याच आग्रा रोडवरून. पहिली थार २०१० ची, दुसरी पिढी २०२० ची. नाव वाळवंटाचं, जन्म गोदाकाठचा.

पण खानदेशात जीप शौक म्हणून आली नाही. ती आली सरकारी साहेबाची गाडी म्हणून आणि रुजली काळी-पिवळी म्हणून. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, हळूहळू गावागावांत पोचली, पण पाड्यांपर्यंतची शेवटची वाट एसटीच्या आवाक्यात नव्हती. तिथे जीप गेली. आत डझनभर, मागे लटकलेले चौघे, टपावर शेळी आणि कांद्याची गोणी. फाट्यावर उभं राहिलं की ड्रायव्हरचा एकच प्रश्न: "भाऊ, कथा जाई ऱ्हायना?" बाजार, दवाखाना, बाळंतपण, मतदानाच्या पेट्या, सगळं याच गाड्यांनी वाहिलं. त्या ड्रायव्हरांनी कुठल्या अकादमीत ऑफ-रोडिंगचा कोर्स केला नव्हता. पण नाल्यात गाडी कुठून घालायची आणि कधी घालायचीच नाही, हे त्यांना कळायचं.

कामाचा रस्ता सुंदर कधी होतो?

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. ऑफ-रोडिंगवाल्यांची पंढरी म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मोआब. लाल दगडाची वाळवंटी दरी, कड्याच्या काठाने जाणारी धुळीची वाट, खाली कोलोरॅडो नदी. तिथली व्हाइट रिम नावाची वाट सुमारे १६० किलोमीटरची आहे आणि जगभरातून लोक ती चालवायला येतात.

ती वाट कशासाठी बनली माहितीये? युरेनियमसाठी. अणुबॉम्बच्या शर्यतीत अमेरिकेला युरेनियम हवं होतं. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या कर्जबाजारी भूगर्भशास्त्रज्ञाला मोआबजवळ मोठा साठा सापडला आणि झुंबड उडाली. युद्धातल्या जुन्या जीपा घेऊन लोक दऱ्यांत घुसले. आधीच्या गुरांच्या वाटा रुंद करून ट्रक जातील असे रस्ते खोदले गेले. तेजी ओसरली, रस्ते उरले. १९६४ मध्ये तिथे कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९६७ पासून दर ईस्टरला मोआबमध्ये जीपांची जत्रा भरायला लागली.

म्हणजे गुराख्याची वाट, मग खाणीचा रस्ता, मग पर्यटकांची चैन. कामाचं ओझं उतरलं की रस्ता "सुंदर" दिसायला लागतो. पण तिथे एक नियम फार कडक आहे: आखलेल्या वाटेबाहेर चाक न्यायचं नाही. कारण त्या वाळवंटात मातीवर सूक्ष्म जीवांची एक पातळ साय असते, तीच माती धरून ठेवते. एका टायरचा ठसा भरून यायला काही दशकं लागतात. जिथे ऑफ-रोडिंगची जत्रा भरते, तिथेही चाकोरी सोडायची परवानगी नाही!

आणि आपल्याकडे?

मोआब आणि सोनगीरमध्ये एक मोठा फरक आहे. तिथल्या वाटांचं मूळ काम संपलंय. आपल्या वाटांचं संपलेलं नाही.

तुम्हाला जी वाट "रॉ" आणि "रिमोट" वाटते, ती बहुतेक वेळा कुणाचा तरी शेतरस्ता असते. कापूस, मका, केळी त्याच वाटेने बाहेर पडतात. शेतरस्त्यावरून भावाभावांत तहसीलदारासमोर खटले चालतात, इतकी ती जीवाभावाची गोष्ट आहे. ऑगस्टमध्ये, वाफसा नसताना, दहा जड गाड्या त्या काळ्या मातीतून चाकं फिरवत गेल्या की काय होतं? टायरच्या नक्षीत माती भरते, टायर गुळगुळीत होतो, मग फोर बाय फोर असो की आणखी काही, गाडी जागच्या जागी खणत बसते. तुम्ही ट्रॅक्टर बोलावून निघून जाता. वीतभर खोल चर मागे राहतो. पुढच्या पावसात त्या चराची नाली होते, आणि तापीच्या मऊ काठावर असेल तर नालीची घळ व्हायला फार वर्षं लागत नाहीत. ज्या बाईला रोज डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तिथून जायचंय, तिच्यासाठी तो व्हिडिओ संपलेला नसतो.

म्हणून काही साध्या गोष्टी. किल्ल्याच्या टेकडीवर चाक नेऊ नका. सोनगीर असो की लळिंग, ती पायांनी चढायची जागा आहे. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. वाट कुणाच्या शेतातून जात असेल तर आधी विचारा. "काका, इथून गाडी नेली तर चालेल का?" एवढं वाक्य पुरतं, आणि खानदेशात त्यावर बहुतेक वेळा चहा पण मिळतो. वाळूत जाताना टायरची हवा थोडी कमी करा, म्हणजे टायर पसरतो आणि कमी खणतो. डांबरीवर आल्यावर परत भरा. आणि पावसात काळी माती दिसली की गाडी मागे फिरवा. शिकायचंच असेल तर इगतपुरीकडे रीतसर प्रशिक्षणाची सोय आहे.

जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. जा, नक्की जा. मावळतीला सोनगीरच्या तटावरून आग्रा रोडचे दिवे बघा. डाइकची काळी भिंत शेतातून सरळ जाताना बघा. चिमठाण्याच्या रस्त्याने जाताना गाडी दोन मिनिटं थांबवा.

आणि या भागाचा गृहपाठ. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा: आपल्या गावाला डांबरी यायच्या आधी बाजाराला कुठल्या वाटेने जायचे? नाला कुठे ओलांडायचे? पावसाळ्यात आजारी माणसाला कसं न्यायचे? फोनवर रेकॉर्ड करा. या वाटांचा इतिहास फारसा कुठे लिहिलेला नाही, तो त्यांच्या आठवणीत आहे. रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवलंत तर पुढच्या एखाद्या भागात आपण सगळे मिळून ऐकू.

तोवर, गाडी सांभाळून चालवा. भेटूया पुढच्या भागात.